सुटकेची काच

माझी बायको चैत्रात गेली. तेराव्याला जमलेली माणसं जेवून उठली आणि नातू भिंतीकडे बघून म्हणाला, आजा, आजीचा एक फोटो पाहिजे होता, हार घालायला. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, कसा नाही, जन्मात एकदा पण नाही काढला? मी म्हणालो, एकदा काढलेला. त्यात ती नाही, तिचा नुसता फराटा आहे. आणि तो पण सरकारात जमा झाला.

मग दातार मास्तरची गोष्ट निघाली. पोरांनी अर्धी ऐकली आणि उठून गेली. म्हणून लिहून ठेवतो. मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेला माणूस, मिठागरात जन्म गेला. मास्तर बामण, शिकलेला, कल्याणच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला 'ते' म्हणून लिहायला पाहिजे. तोंडावर मी त्याला तुम्हीच म्हणायचो. पण मनात तो 'तो'च आहे, तसाच लिहितो.

पहिल्या पलेगाचं वर्ष. आमचं गाव डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी. लग्नाला पाच वर्षं झालेली, पोर नव्हतं, म्हणून आम्ही दोघं टिटवाळ्याच्या गणपतीला गेलेलो. येताना कल्याण टेशनात गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. डाक्टर एकेकाच्या काखेत हात घालून गाठ बघायचा. बायकांना बघायला वेगळी बाई होती. हिला आदल्या दिवसापासून ताप. तिला डोलीत घातली आणि इस्पितळाकडे नेली, मला दुसरीकडे ढकललं. मी मागे वळेपर्यंत डोली गेलेली.

मला नेलं ते कारंटीनात. टेशनापलीकडच्या माळावर चटयांच्या झोपड्या, भोवती बांबूचं कुंपण, दहा दिवस आत राहायचं. कुंपणाच्या एका अंगाला जमिनीवर चुन्याची जाड रेघ ओढलेली आणि रेघेपलीकडे इस्पितळाची लांब पडवी. कायदा सोपा होता. रेघ ओलांडली की तुझे दहा दिवस पहिल्यापासून मोजायचे. बाहेरच्याने आतल्या माणसाला किंवा त्याच्या कुठल्या वस्तूला हात लावला, तर त्याने पण आत यायचं, दहा दिवस. मी तिसऱ्या दिवशी रेघ ओलांडली. इस्पितळाच्या चुलीपर्यंत पोचलो. तिथून शिपायांनी काठीने हाकलत परत आणलं आणि माझे दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले. परत गेलास तर चौकीत टाकू, म्हणाले.

कारकून रोज सकाळी कुंपणाशी यायचा. त्याला मी विचारलं, माझ्या बायकोचं काय. नाव सांगितलं, हिरू. त्याने वही चाळली आणि म्हणाला, दोन हिरू आहेत. एक मंगळवारी गेली. तुझी कुठली?

मी म्हणालो, तुम्ही लिहिलं असेल ना, कोणाची ती. तो म्हणाला, दोघींच्या नवऱ्याची जागा मोकळी आहे. विचारलं तर दोघी पण तोंड मिटून बसल्या. गावाच्या जागी दोघींना कल्याण टेशन लिहिलंय, तिथून उचलल्या म्हणून.

आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. मेल्या तरी घेत नव्हत्या. हिने पाच वर्षांत मला 'अवं' आणि 'आयकला का' एवढ्यावर भागवलेलं. माझं नाव धर्मा. ती धर्म हा शब्दच टाळायची. देवळापुढे भिकारी बसला की त्याला दान घाला म्हणायची, धर्म करा म्हणत नव्हती. ती त्या कारकुनाला काय सांगणार? कारकुनाला म्हणालो, जाऊन नीट विचारा. तो म्हणाला, आत जायला मला काय वेड लागलंय?

तेव्हापासून मी झोपडीच्या दाराशी बसून राहायला लागलो. इस्पितळाची पडवी दिसत नव्हती, मध्ये चुलीचं छप्पर यायचं. मी त्या छपराकडे बघत बसायचो.

असाच बसलेला असताना एक माणूस उलटा चालत माझ्या अंगावर येऊन आदळला. लांब काळा डगला, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, वर ऊन भाजत होतं तरी. हातात फुटक्या पाटीची नुसती लाकडी चौकट, ती डोळ्यासमोर धरलेली. पडता पडता सावरला, मागे वळला पण नाही, चौकटीतून समोर बघत मोठ्याने म्हणाला, "कोन?"

मी म्हणालो, "मी हाय. मिठागरावरचा."

त्याच्यासमोर दोन शाळकरी पोरगे उभे होते, ते हसायला लागले. तो वळला. एक डोळा बारीक, एक उघडा. तो डोळा त्याचा कायमचाच तसा झालेला, बोलताना, जेवताना, देवाला नमस्कार करताना पण. म्हणाला, "तू कोण ते नाही विचारलं. कोन विचारला."

मी म्हणालो, तेच सांगतो ना, मिठागरावरचा.

माझ्या तोंडात ण बसत नाही. लिहिताना बसतो. आमच्याकडे कोण म्हणजे कोनच. आणि त्याचा कोन म्हणजे आपण कुठे उभे राहून, कुठल्या तिरक्यात बघतो तो. त्याने मला हे सगळं समजावलं, जमिनीवर काडीने रेघा ओढून, मी विचारलं नव्हतं तरी. त्या दिवसापासून त्याने माझं नाव मिठागर ठेवलं. खरं नाव त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोरं मास्तरच्या पाठीमागे त्यालाच कोन मास्तर म्हणायची.

तो त्या दोन पोरांना चित्रकलेच्या परीक्षेला मुंबईला घेऊन गेलेला. परत येताना तिघं पण कल्याणला अडकले. एकाचं नाव गोविंदा, हुशार, चटचट बोलणारा. दुसरा काशिनाथ, जाडा, भूक न सोसणारा. गंमत अशी की तिघांची घरं तिथून हाकेवर. गोविंदाच्या घराची कौलं कुंपणातून दिसायची. काशिनाथची आई रोज दुपारी रस्त्यावर यायची आणि लाडवांचा डबा उंच धरून दाखवायची. आत देता येत नव्हता, म्हणून नुसता दाखवायची. काशिनाथ कुंपणाशी उभा राहून बघायचा आणि संपला की परत यायचा. संपला म्हणजे आई डबा घेऊन घरी गेली की.

मास्तरकडे फोटोची पेटी होती. तीन पायांची, पुढे कातडी भाता, वर काळं फडकं. कारंटीनात येणाऱ्याचे सगळे कपडे हौदात उकळायचे, तेव्हा मास्तर पेटीला मिठी मारून बसला, हिला उकळणार असाल तर मला पण उकळा म्हणाला. शेवटी सोडली. पेटीबरोबर काचा होत्या. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. आठ काचा उरलेल्या.

त्या आठ काचांवर तो पोरांकडून एक गोष्ट काढून घेणार होता. अक्षर न लिहिता. पुढे दिव्यासमोर एकेक काच धरली की चादरीवर मोठं चित्र पडायचं, तसे खेळ तेव्हा कल्याणात व्हायचे, आठ चित्रांत गोष्ट कळली पाहिजे. गोष्ट कसली, तर एक माणूस कारंटीनात येतो आणि सुटतो. बस. गोविंदा म्हणाला, मास्तर, ही काय गोष्ट झाली, राजा पाहिजे, राक्षस पाहिजे. मास्तर म्हणाला, इथून बाहेर पडायचं सोडून दुसरी कुठली गोष्ट तुझ्या डोक्यात येते का सांग. पोरगा चौकट उचलायला गेला.

माणूस मी. कारण मीच एकटा न हलता बसायचो. मास्तर झाकण काढून मोजायचा, एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ, म्हणजे घाईने मोजता येत नाही. तेवढ्यात कोणी हललं की काचेवर फराटा. हलणाऱ्यावर तो चिडायचा. मच्छर चावला म्हणून काशिनाथने एकदा गाल खाजवला तर त्याला म्हणाला, तुझ्या गालापायी पाऊण काच गेली. पाऊण काच कशी जाते, देव जाणे.

त्याचं शिकवणं असं की पेटीला हात लावू द्यायचा नाही. आधी पाय, मग डोळा, म्हणायचा. पोरांनी ती पाटीची चौकट घेऊन माझ्याभोवती फेऱ्या मारायच्या. उभं राहून, गुडघ्यावर, पोटावर, झाडावर चढून. प्रत्येक जागी तो विचारायचा, इथून हा माणूस कसा दिसतो? गरीब? रागीट? एकटा? मी तोच, तिथेच बसलेला, आणि पोरं एकदा म्हणायची गरीब, एकदा म्हणायची खुनी. मला राग यायचा. मी म्हणालो, मास्तर, मी जागचा हललो नाही तर मी बदलतो कसा? तो म्हणाला, तू नाही बदलत, बघणारा बदलतो.

तिथे बाबाजी नावाचा शिपाई होता. अंगाने काडी, मिशी मात्र भरघोस, आणि तो जाता येता माणसांना काठीने ढोसायचा. मास्तरने पोरांना त्याच्यावर धडा दिला. गोविंदाला त्याच्या पायाशी जमिनीवर आडवा केला आणि खालून चौकट धरायला लावली. काशिनाथला बाभळीवर चढवलं. मग दोघांना विचारलं. खालचा म्हणाला, किल्लेदार वाटतो, डोकं आभाळाला लागलंय. वरचा म्हणाला, मास्तर, झुरळ. बाबाजीला झुरळ ऐकू आलं. मास्तरने लगेच पेटी खाली लावली आणि गोष्टीतलीच एक काच त्याच्यावर खर्च केली, खालून. ती धुऊन दाखवली. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, तरी बाबाजीला कळलं की आपण मोठे दिसतोय. तो बराच वेळ बघत राहिला. त्या दिवसापासून त्याची काठी आमच्या झोपडीशी आडवी व्हायची नाही. फक्त जाताना म्हणायचा, "मास्तर, मला वरून काढू नका हां."

तिसरी का चौथी काच असेल, माणसाला दुःख झालंय असं दाखवायचं होतं. गोविंदा म्हणाला, ह्याला रडायला लावू आणि पेटी तोंडाजवळ नेऊ. मास्तर म्हणाला, रडणारा माणूस जवळून दाखवलास तर लोक त्याचं नाक बघतील. मग त्याने मला कुंपणाशी पाठमोरा उभा केला आणि पेटी शंभर पावलं लांब नेली. एवढा माळ, एवढं आभाळ, आणि कुंपणाशी मी, काडीएवढा. मी मनात म्हटलं, ह्यात मी दिसणार तरी कसा. काच धुतल्यावर बघितली आणि तिच्याकडे परत बघायला मला नको वाटलं.

काचा तो दिवसाच धुवायचा. झोपडीच्या कोपऱ्यात गोणपाटं टांगून अंधार करायचा, आत लाल फडक्याचा कंदील. हात आत घालून औषधात काच हलवत बसायचा. त्याची बोटं कायम काळी, नखं तर जळाल्यासारखी. जेवताना ती लपवायचा. आमच्या हातचं पाणी घ्यायचा नाही, स्वतः भरून आणायचा, लांब बसून जेवायचा. ते तेव्हा तसंच होतं, मला त्याचं काही वाटलं नाही. पण गोणपाटाच्या अंधारात आम्ही चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, तेव्हा त्याला कोणाचं काही आठवायचं नाही.

आठवी काच त्याने बाजूला ठेवली. ती सुटकेची. फाटक उघडलंय आणि माणसाचं तोंड. काशिनाथ म्हणाला, आजच काढून टाकू, बाबाजी उघडेल फाटक घटकाभर. मास्तर म्हणाला, सुटका खोटी काढायची नाही. ज्या दिवशी सुटू त्या दिवशी काढू. ती काच तो उशाला घेऊन निजायचा.

त्यांची सुटका माझ्या एक दिवस आधी होती. ती दोन दिवसांवर आली तेव्हा सातवी काच काढायची होती. माणसाचं तोंड, अगदी जवळून, वाट बघणारं. मास्तर काळ्या फडक्याखाली गेला. पगडी काढून पेटीच्या खुंटीला अडकवायची त्याची पद्धत होती. बराच वेळ आतच राहिला. मग बाहेर आला, टक्कल घामाने भिजलेलं, आणि म्हणाला, "मिठागर, तुझ्या तोंडावर आहे ते माझ्या गोष्टीतलं नाही. काय झालंय?"

इतक्या दिवसांत मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. दोन हिरू, एक गेली, दोघींची जागा मोकळी.

तो उकिडवा बसला. काडीने जमिनीवर इस्पितळ काढलं, चूल काढली, रेघ काढली. म्हणाला, इथून फक्त छप्पर येतं. कोन बसत नाही. रेघेपलीकडे दुसरी बाभूळ आहे, तिच्याशी गेलं तर सबंध पडवी मिळेल. सकाळी बायका उन्हाला बसतात तेव्हा.

मी म्हणालो, मास्तर, मी एकदा गेलेलो.

म्हणाला, तू नाही. मी.

मी म्हणालो, तुम्ही बघून काय कळणार? तुम्ही तिला ओळखत नाही. हिरू म्हणून हाक मारली तर कुठली पण हिरू ओ देईल. नवरा कोण विचारलंत तर ती सांगणार नाही.

तो म्हणाला, "म्हणूनच पेटी नेतो. काच आणतो, तू बघ."

सातवी त्याने तिथेच माझ्या तोंडाची काढली, आता एकच काच उरलेली. मला तेव्हाच कळलं होतं ती कुठली. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी नाही म्हणालो नाही. खरं ते लिहितो.

गोविंदा म्हणाला, मास्तर, परवा आपण सुटतोय, रेघ ओलांडलीत तर परत दहा दिवस. मास्तर म्हणाला, बाबाजी पाठ करून उभा राहणार आहे, माझं बोलणं झालंय. आणि पोरांना म्हणाला, तुम्ही दोघं रेघेच्या अलीकडे राहायचं, एक पाऊल पण पुढे टाकायचं नाही.

सकाळी तो गेला. डगला, पगडी, खांद्यावर पेटी. मी झोपडीशी होतो. मला छपराशिवाय काही दिसत नव्हतं. रुळांवर मालगाडी लागलेली, तिच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं. पोरं रेघेशी उभी होती आणि गोविंदा चौकट धरून त्याला हाताने दाखवत होता, डावीकडे, अजून डावीकडे. परत यायला त्याला फार वेळ लागला नसेल. मला लागला.

आला तो कपाळाला आठ्या घालून. पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, गेली काच. बिघडली.

मी पेटीच्या शेजारी येऊन उभा राहिलो.

"पाच बायका बसलेल्या," तो काशिनाथला सांगत होता, माझ्याकडे न बघता. "उत्तम बसलेल्या. झाकण काढलं, दोन नारळ मोजले आणि धडा म्हणून गोविंदाला ओरडून विचारलं, कोन? तर त्यातली एक ताडकन उठली. हात वर करून ओरडायला लागली. सगळ्या काचेवर फराटा. अरे, चार नारळ दम निघत नाही माणसाला."

मी विचारलं, काय ओरडली?

"काय की. धर्माची, धर्माची म्हणत होती. भीक मागत असेल. नाहीतर धर्मशाळेचं काही विचारत असेल."

मी खाली बसलो.

आठ दिवस ती पडवीत बसलेली, आपलं माणूस का येत नाही म्हणून. शेजारच्या खाटेवरची मेलेली बाई हिरू नावाने उचलून नेताना तिने बघितलेली आणि आपण कारकुनाशी काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलेलं. त्या सकाळी लांबून एक माणूस ओरडला, कोन? तिला वाटलं, आता तरी कोणी विचारलं. तिने माझं नाव घेतलं. सगळ्या पडवीसमोर, ओरडून. हे सगळं मला तिने पुढे सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ती आहे.

"मास्तर," मी म्हणालो, "धर्मा मीच."

त्याचा बारीक डोळा पण उघडला. दोन्ही डोळे उघडे मी त्याचे तेव्हाच पहिल्यांदा बघितले. मग तो म्हणाला, "मग आधी नाही का सांगायचं रे. मी तिला खाली बस म्हणून ओरडलो."

काच त्याने तरी धुतली. लाल उजेडात आम्ही चौघं डोकी लावून बघत होतो. चार बायका भिंतीला टेकून, स्वच्छ, लुगड्याची किनार मोजून घ्यावी अशा. आणि मध्ये एक फराटा, पायाशी जाड, वर पसरत गेलेला, त्यातून एक हात निघालेला. गोविंदाने सवयीने विचारलं, फेकू? बिघडलेली काच फेकायची असा त्यांचा नेमच होता.

मास्तर म्हणाला, "फेकतोस कुठे. बघ नीट. बाकीच्या चौघी चित्र आहेत. ही एकटी जिवंत आहे."

काच वाळली पण नसेल तोवर डाक्टर आला. कोणीतरी इस्पितळातून बघितलेलं. बाबाजी खाली मान घालून मागे उभा. इस्पितळाचा फोटो काढायचा नाही म्हणून काच घेतली, पेटी पण घेतली, सुटताना परत देऊ म्हणाले. आणि कारकुनाने वहीत मास्तरच्या नावापुढचे नऊ दिवस खोडले. मास्तर एवढंच म्हणाला की पोरांनी रेघ ओलांडलेली नाही, ह्याची नोंद करा. ती होईपर्यंत कारकुनाच्या शेजारून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं सुटली. सात काचा घेऊन गेली. काशिनाथची आई फाटकाबाहेर डबा घेऊन उभी होती आणि त्याने तिथेच रस्त्यात बसून खायला सुरुवात केली. गोविंदा परत परत मागे बघत होता. मास्तर आतून त्याला सांगत होता की काचा उन्हात धरू नकोस.

त्याच्या पुढच्या दिवशी मी सुटलो. ही अजून इस्पितळात, पण आता कारकुनाच्या वहीत तिच्यापुढे माझं नाव लिहिलेलं, मी उभा राहून लिहून घेतलं. मी खाडीवर ओळखीच्याच्या मचव्यात राहिलो आणि रोज फाटकाशी यायचो. पाचव्या दिवशी तिला सोडली. वाळलेली, केस कापलेले, चालताना भिंत शोधत होती. मला बघून म्हणाली, "आलाव?" एवढंच. मी तिला मास्तरचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी इचारला, मी सांगला. माजा कं चुकला?"

मी म्हणालो, काही नाही चुकलं.

मास्तर कारंटीनातून बाहेर आला नाही. पावसाळ्यानंतर मी कल्याणच्या शाळेत गेलो, तेव्हा पट्टेवाल्याने सांगितलं. सुटायला दोन दिवस असताना त्याला ताप भरला, गाठ आली आणि रेघेपलीकडे नेला. तिथे दुसऱ्या दिवशी गेला. चित्रकलेला आता दुसरे मास्तर आहेत, बसायचं असेल तर बसा, म्हणाला. मी बसलो नाही.

रेघेपलीकडून तो आणला की झोपडीतल्या उंदरांपासून, ते मला कोणी सांगू शकत नाही. मी चाळीस वर्षं विचार करून बघितला. ही जगली, आम्हाला तीन पोरं झाली, मिठागरं गेली, जमिनीला भाव आला. मी रेघ ओलांडून आलो आणि सुटलो, तो ओलांडून आला आणि राहिला. तिच्याशी मी हे कधी बोललो नाही. आता बोलायला ती पण नाही.

हिला घेऊन निघालो त्या सकाळी तो मला शेवटचा दिसला. आमचा रस्ता कुंपणाला लागून होता. पोरं नाहीत, पेटी नाही, डगला पण नाही. उघडा, नुसत्या पंच्यावर, छातीची हाडं दिसत होती. अंघोळ करून धोतर धुतलेलं आणि ते पिळत होता. लांब धोतर पिळायला दोन माणसं लागतात. एकटा एक टोक पिळायचा तोवर दुसरं मातीत पडायचं. परत बादलीत बुडवायचा, परत पिळायचा. तसं तो किती वेळ करत होता कोणास ठाऊक.

मी थांबलो. त्याने मला बघितलं, हिला बघितलं. ही डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाजूला झाली. ओल्या धोतराचं एक टोक त्याने दोन बांबूंच्या मधून बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. धुतलेलं धोतर, ज्याला माझी सावली पण चालायची नाही.

म्हणाला, "धर रे, धर्मा."

टोकातून पाणी गळत होतं. फाटकाशी बाबाजी उभा होता, आमच्याकडे बघत. ह्या वेळी त्याने पाठ केलेली नव्हती. हिचा हात माझ्या दंडाला होता, हाडासारखा, गरम. मी माझे दोन्ही हात तसेच खाली ठेवून उभा राहिलो.

थोडा वेळ त्याने वाट बघितली. मग टोक आत ओढून घेतलं, त्याची बांबूला दोन वेढे देऊन गाठ मारली, आणि माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या टोकाने पिळायला लागला.